अठ्ठेचाळीस व्हायल आणि एकच सांगाडा: लायब्ररी प्रोजेक्टच्या नोंदी

३ जून २०२४, सोमवार

आजपासून नोंदी नीट ठेवायच्या असं ठरवलंय, मागच्या वर्षीसारखं टिश्यू पेपरवर यील्ड लिहून नंतर तो कचऱ्यात शोधत बसायचं नाही.

प्रोजेक्ट साधा वाटतो. छोट्या ऑरगॅनिक रेणूंची ४८ ची लायब्ररी बनवायची, म्हणजे ४८ वेगवेगळे कंपाऊंड, प्रत्येकी निदान २० मिलिग्राम, शुद्धता बऱ्यापैकी, आणि ऑगस्ट संपता संपता बायोलॉजीवाल्यांकडे स्क्रीनिंगला द्यायची, म्हणजे यातला कुठला काही काम करतो का ते चाळून बघायला. टार्गेट, म्हणजे कुठल्या प्रोटीनवर काम करायचं ते, ठरलेलं नाही. हेच मला आधी पचत नव्हतं, कारण आम्हाला एमएस्सीला सगळं उलटं शिकवलंय: आधी रेणू ठरवा, मग तो कागदावर तोडत तोडत मागे जा. ते रेट्रोसिंथेसिस, ज्यासाठी कोरींना १९९० चं नोबेल मिळालं. इथे शेवटी काय हवंय तेच माहीत नाही, त्यामुळे मागे जायचं तरी कुठून? पुढेच जायचं, साध्या गोष्टींपासून गुंतागुंतीकडे, आणि जाताना जेवढ्या फांद्या फुटतील तेवढ्या फोडायच्या. मॅडम म्हणाल्या, "तू फक्त विचार कर, कमी स्टेपमध्ये जास्त वेगळं काय देता येईल." मी मान हलवली आणि मनात म्हटलं, ४८ तर ४८, बिजिनेली लावते, दोन आठवड्यांत उरकते.

६ जून, गुरुवार

बिजिनेली सुरू. १८९१ ची रिॲक्शन, पण अजून कुणी तिच्या नादी लागणं सोडलेलं नाही, कारण गरिबाला परवडते. ॲल्डिहाइड, इथाइल ॲसिटोॲसिटेट आणि युरिया, तिन्ही एकाच आरबीत (गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये), एथेनॉल, कॉन्क एचसीएलचे चार थेंब, रिफ्लक्स म्हणजे उकळत ठेवायचं. पाण्याचे दोन रेणू बाहेर पडतात आणि सहा कड्यांची डायहायड्रोपिरिमिडिनोन रिंग तयार. थंड केलं की सॉलिड पडतं, गाळायचं, थंड एथेनॉलने धुवायचं, संपलं. कॉलम नाही, म्हणजे सिलिका भरलेल्या नळीतून गाळत शुद्ध करत बसणं नाही! ज्याने पावसाळ्यात मुंबईत कॉलम टाकलाय त्यालाच या वाक्याची किंमत कळेल.

प्लॅन: १२ ॲल्डिहाइड गुणिले २ (युरिया आणि थायोयुरिया) म्हणजे २४. अर्धी लायब्ररी इथेच.

यातच एक मोनास्ट्रॉल येतो, ३-हायड्रॉक्सीबेन्झाल्डिहाइड आणि थायोयुरियावाला. त्याची गोष्ट मला फार आवडते. १९९९ मध्ये १६,३२० छोट्या रेणूंमधून चाळून काढलेला, पेशी विभागताना क्रोमोसोम वाटणारा जो स्पिंडल दोन ध्रुवांचा व्हायला हवा तो एकाच ताऱ्यासारखा राहतो म्हणून नाव मोनास्ट्रॉल. एजी-५ नावाचं किनेसिन (एक मोटर प्रोटीन) अडवतो. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या रिॲक्शनमधून निघालेला, कुठल्याही ठरलेल्या टार्गेटसाठी न बनवलेला रेणू, आणि त्याने नवीनच जागा दाखवली. "टार्गेट नाही तर कशाला बनवायचं" याला माझ्याकडे आता उत्तर आहे, निदान घरच्यांना द्यायला.

११ जून, मंगळवार

१४ झाले. पाऊस सुरू झाला आणि लगेच वजनं हलायला लागली. बॅलन्सचं दार बंद केलं तरी शेवटचा आकडा वर चढतच राहतो, थायोयुरियावाल्या दोघांनी तर पाणीच धरलंय. डेसिकेटरमधली सिलिका निळीची गुलाबी झाली, ती ओव्हनमध्ये टाकली. लॅबचे मामा म्हणाले, "ताई, आता सप्टेंबरपर्यंत हेच." त्यांनी असे वीस-बावीस पावसाळे बघितलेत इथे.

१९ जून, बुधवार

२४ पूर्ण. खूश होऊन मॅडमना ट्रे दाखवला. पांढरे, फिकट पिवळे, एक नायट्रोवाला मस्त पिवळा. मॅडम म्हणाल्या, "छान. आता आरडीकिटमध्ये, त्या रेणूंच्या सॉफ्टवेअरमध्ये, टाक आणि सांगाडे मोज."

टाकले. मुर्को स्कॅफोल्ड काढले, म्हणजे फांद्या छाटून फक्त रिंगा आणि त्यांना जोडणारे दुवे ठेवायचे. २४ चे निघाले ६. मी म्हटलं वा, सहा! मग नीट बघितलं. फेनिल, थायोफीन, पिरिडिन हे तीन, गुणिले ऑक्सिजन की सल्फर हे दोन. म्हणजे कॉम्प्युटरला सहा वाटतात कारण तो रिंगवरचा डबल बाँडही धरतो, पण मधली रिंग तीच, जोडणी तीच, खरं तर एकच सांगाडा आणि सहा शर्ट. मग मोमेंट ऑफ इनर्शियाचा त्रिकोणी प्लॉट काढला, ज्याच्या एका टोकाला काठी, एका टोकाला चकती, एका टोकाला चेंडू असे आकार असतात. माझे २४ ठिपके त्रिकोणात एकाच जागी, गर्दीच्या वेळी दादरच्या पुलावर असतात तसे एकमेकांच्या अंगावर.

वाईट वाटलं. दोन आठवडे काम केलं ते काही खोटं नाही, पण एखाद्या प्रोटीनच्या खाचेत यातला एक बसत नसेल तर बाकी २३ बसायची आशा फार थोडी. मी २४ प्रश्न विचारलेच नव्हते, एकच प्रश्न २४ वेळा विचारला होता.

२१ जून, शुक्रवार

दोन दिवस फक्त वाचन, आणि लॅबमध्ये बसून वाचलं की लोक विचारतात काम नाही का.

हे आधी मोठमोठ्या लोकांचंही झालंय हे बघून बरं वाटलं. मेरिफील्डने १९६३ मध्ये रेझिनच्या मण्यांवर पेप्टाइड बांधायची पद्धत आणली, मग हंगेरीत फुरकाने मणी वाटायचे, वेगवेगळा तुकडा जोडायचा, परत एकत्र ओतायचे, परत वाटायचे अशी युक्ती काढली. हिशोब बघा, २० तुकडे आणि ३ फेऱ्या, २० गुणिले २० गुणिले २०, झाले ८,०००. नव्वदच्या दशकात कंपन्यांनी असे ढीगच्या ढीग केले आणि हिट, म्हणजे चाळणीत कामाचे निघणारे रेणू, मात्र अपेक्षेएवढे मिळाले नाहीत, कारण ढीग मोठा होता पण बराचसा एकसारखा होता, आणि बरेच रेणू चपटे, चिकट, पाण्यात न विरघळणारे. मग २००० मध्ये श्रायबर यांनी डायव्हर्सिटी ओरिएंटेड सिंथेसिस असं स्वच्छ नाव देऊन मांडलं की मुद्दा आकड्याचा नाही, सांगाडा बदलण्याचा आहे.

माझ्या डोक्यात ते असं बसलं: वडापाव, समोसापाव, भजीपाव, कटलेटपाव. गाडीवर पाटी मोठी दिसते, पण पाव तोच आणि लसणाची चटणीही तीच. हे झालं माझं बिजिनेली. याउलट घरी आई एकाच कणकेची पोळी करते, पुरी करते, उरलं तर दशमी, आणि दिवाळीत मैदा भिजवला की त्याच गोळ्याच्या शंकरपाळ्या आणि करंज्या. गोळा एक, पण पुढे काय करता त्यावर वस्तूच वेगळी. लाटून तव्यावर की तेलात. केमिस्ट्रीत याला म्हणतात एकाच प्रीकर्सरवर वेगवेगळे रिएजंट. आणि दुसरा प्रकार उलटा: कृती सगळ्यांना तीच, पण गोळ्यातच आधी असं काही मिसळून ठेवायचं की तो आपोआप वेगळा वळेल.

फांद्या बदलणं सगळ्यात सोपं. फंक्शनल ग्रुप बदलणं त्याहून थोडं अवघड. डावं-उजवं म्हणजे स्टिरिओ बदलणं महाग. सांगाडा बदलणं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात जास्त फायद्याचं. आणि मी काय केलं? सगळ्यात सोपं ते आधी.

२००८ च्या एका लेखात याची सुटसुटीत रीत आहे: आधी तुकडे बनवा, मग ते जोडा, मग जोडलेल्यातली दोन टोकं एकमेकांना अडकवून रिंगा करा. तिसरी पायरीच खरी. कुठलं टोक कुठल्या टोकाला धरतं त्यावर सांगाडा ठरतो.

ठरलं. जोडायला उगी, आणि मग त्याच्यावर वेगवेगळ्या रिंगा पाडायच्या.

२८ जून, शुक्रवार

उगी रिॲक्शन, १९५९. ॲल्डिहाइड, अमाइन, ॲसिड आणि आयसोसायनाइड, चार जण एका भांड्यात, मेथॅनॉलमध्ये, गरमही करायचं नाही, पाण्याचा एक रेणू जातो आणि बाकी सगळं प्रॉडक्टमध्ये. चारही प्रकारचे दहा-दहा आणले तर १०,००० कॉम्बिनेशन. (हो, परत आकड्याच्या मोहात पडले. या १०,००० चाही मधला सांगाडा एकच असतो, सरळ साखळी, दोन अमाइड.)

आयसोसायनाइडबद्दल लिहिलंच पाहिजे. प्रिन्सेस स्ट्रीटच्या सप्लायरकडून टर्ट-ब्युटिलची बाटली आज आली, तीन आठवडे उशिरा, साइक्लोहेक्झिल आणि बेन्झिल आधीच होते. सील फोडलं आणि हूड चालू असूनही दोन सेकंदांत अख्ख्या मजल्याला कळलं. हा वास सांगता येत नाही. घाण म्हणजे कुजलेली वगैरे घाण नाही, डोक्याच्या मागच्या बाजूला जाऊन बसते. १८५९ मध्ये लीके नावाच्या माणसाने पहिल्यांदा असलं काही बनवलं तेव्हा शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या होत्या म्हणे, मला शेजाऱ्यांची दया येते.

ग्लासवेअर, सिरिंज, टिप, सगळं हूडमध्येच मेथॅनॉल आणि ॲसिडच्या बकेटीत बुडवून ठेवलं, ॲसिडने ते मरतं. ग्लोव्ह्जही तिथेच. पण माझ्या ओढणीला बहुतेक लागलं होतं. संध्याकाळची डोंबिवली फास्ट, लेडीज डबा, दादरलाच खचाखच. घाटकोपरपर्यंत सगळ्या एकमेकींकडे बघत होत्या. एक काकू म्हणाल्या, "कुणाचा डबा खराब झालाय का बघा गं." दुसरी म्हणे एसीचं गॅस गळतंय, साध्या लोकलमध्ये! मी खिडकीकडे तोंड करून मोबाइलमध्ये उगीच काहीतरी वाचत राहिले. ठाण्याला आजूबाजूची जागा रिकामी झाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला डोंबिवली फास्टमध्ये चौथी सीट नाही, पूर्ण सीट मिळाली.

ओढणी आता लॅबमध्ये आणायची नाही.

५ जुलै, शुक्रवार

आजची उगी: फरफुराल, बेन्झिल अमाइन, फ्युमॅरिक ॲसिडचं मोनोइथाइल एस्टर आणि साइक्लोहेक्झिल आयसोसायनाइड. हे चौघे मुद्दाम निवडलेत. फरफुरालमधून फ्युरान येतो, ॲसिडमधून डबल बाँड येतो, आणि उगी झाल्यावर दोघं एकाच रेणूत जवळजवळ येऊन बसतात. फ्युरान डाइन (दोन शेजारी डबल बाँडवाला), तो डबल बाँड डाइनोफाइल (डाइनला धरणारा), मग डील्स-आल्डर, म्हणजे दोघं जुळून नवी सहा कड्यांची रिंग. कणकेत आधीच मोहन घालून ठेवलंय म्हणा ना.

सकाळी लावली. संध्याकाळी टीएलसीवर, म्हणजे मिश्रणात काय काय आहे ते ठिपक्यांनी दाखवणाऱ्या पट्टीवर, दोन स्पॉट, जवळजवळ. वरचा उगी असेल, खालचा काय माहीत नाही. मास दिली (रेणूचं वजन कळायला), ४३९, एकच पीक. म्हणजे उगी झालीय एवढं नक्की. सोमवारी वर्कअप. स्टिरर चालू ठेवून निघाले.

९ जुलै, मंगळवार

काल येताच आलं नाही. रविवारी रात्री १ ते सोमवारी सकाळी ७ मध्ये शहरात काही ठिकाणी ३०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, रुळांवर पाणी, सेंट्रल बंद. घरी बसून फक्त फ्लास्कचा विचार.

आज आले तर लाइट कधीतरी जाऊन आलेली, स्टिरर बंद, फ्लास्कमध्ये तळाला पांढरं सॉलिड. माझ्या पोटात गोळा. मामांनी सांगितलं पंप आणि हूड त्यांनी सकाळी परत चालू केले, फ्लास्कला हात लावला नाही. बरं केलं. टीएलसी केली, वरचा स्पॉट पूर्ण गायब, फक्त खालचा. मास परत ४३९.

इथे मी अर्धा तास अडकले. मास तोच आहे तर बदललं काय? मग डोक्यात ट्यूब पेटली, डील्स-आल्डरमध्ये काही येत नाही, काही जात नाही! तेच अणू, फक्त बाँड इकडचे तिकडे. मास बघून कधीच कळणार नाही. एनएमआर दिला (कुठला हायड्रोजन कुठे बसलाय ते त्यात दिसतं), संध्याकाळी मिळाला, आणि फ्युरानचे ६.३ आणि ७.४ जवळचे सिग्नल गेलेत, त्याजागी साडेसहाच्या आसपास नवीन डबल बाँडचे दोन आणि ५.१ जवळ ब्रिजहेड प्रोटॉन. पुलासारखा ऑक्सिजन डोक्यावर, खाली लॅक्टम जोडलेला, तीन रिंगांचा घट्ट गोळा. चार दिवस, न तापवता, शेवटी तर न ढवळताही, पुरात. एक छोटा डायास्टिरिओमर (जोडणी तीच, पण अणूंची दिशा वेगळी) आहे सोबत, पण सॉलिडमध्ये कमी दिसतोय.

हाताने हिशोब केला. एकूण कार्बन २५. आधी त्यात एसपी-३, म्हणजे फक्त एकेरी बाँडवाले, चपटे नसलेले, होते १०, म्हणजे ०.४०. आता १४, म्हणजे ०.५६. मोनास्ट्रॉलचा काढला तर १४ पैकी ४, ०.२९. २००९ मध्ये एका पाहणीत दाखवलं होतं की शोधाच्या टप्प्यावरच्या रेणूंचं हे प्रमाण सरासरी ०.३६ आणि बाजारात पोचलेल्या औषधांचं ०.४७, म्हणजे चपटे रेणू वाटेत गळतात. त्यावरून माझा रेणू औषध झाला असं नाही, पण त्रिकोणी प्लॉटवर तो ठिपका गर्दी सोडून चेंडूच्या बाजूला एकटा जाऊन बसलाय. मी स्क्रीनशॉट काढून मॅडमना पाठवला. मॅडमचं उत्तर फक्त अंगठा. पण मॅडम अंगठाही सहज देत नाहीत.

१६ जुलै, मंगळवार

पुलवाले ८ झाले. दोन आयडिया आज मेल्या, लिहून ठेवते.

एक, अझाइडवाली. उगीत एका बाजूने अझाइड आणि दुसऱ्या बाजूने अल्काइन घालायचं, मग आतल्या आत क्लिक, म्हणजे दोघांना एकमेकांत अडकवून, ट्रायाझोलची रिंग. कागदावर सुंदर. पण त्यासाठी मला अझिडोॲसिटिक ॲसिड हवं होतं, आणि अझाइड फुटू शकतात म्हणून मॅडमनी फळ्यावर हिशोब करायला लावला: कार्बन अधिक ऑक्सिजन भागिले नायट्रोजन, किमान ३ यायला हवं. इथे ४ भागिले ३, म्हणजे १.३३. "एवढा छोटा अझाइड माझ्या लॅबमध्ये नको." आणि मी वर्कअपला डायक्लोरोमिथेन लिहिलं होतं, अझाइड आयन सोबत असेल तर त्यातून डायअझिडोमिथेन होऊ शकतं, ते तर सरळ बॉम्बच. गप्प बसले.

दोन, ज्युनिअर म्हणाला, "ताई, रोडॅनिन आणि ॲल्डिहाइड टाकू ना, एका दिवसात वीस होतात, आणि रंग पण काय येतात." होतात खरं. पण रोडॅनिनवाले कित्येक स्क्रीनमध्ये खोटे हिट दाखवतात, कारण ते कशालाही चिकटतात, रंगाने रीडिंग बिघडवतात. २०१० मध्ये बेल आणि होलोवे यांनी अशांची यादीच काढली, पेन्स म्हणतात त्यांना, इंग्रजीतलं दुखणं. नाव अगदी बरोबर आहे. बायोलॉजीवाले सहा महिने त्यामागे धावतील आणि मग आपल्याला शिव्या घालतील. त्याला हे समजावताना मला जाणवलं, तीन जूनला मीही हेच म्हणाले असते.

२४ जुलै, बुधवार

नवी फांदी. ॲसिडच्या जागी क्लोरोॲसिटिक ॲसिड. उगी झाल्यावर साखळीच्या एका टोकाला क्लोरिन लटकत राहतो आणि दुसरीकडे अमाइडचा एनएच. बेस घातला की एनएचने फिरून क्लोरिनच्या कार्बनला धरायचं, सहा कड्यांची डायकिटोपिपेराझिन. एथेनॉलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड, रूम टेम्परेचर.

पहिली जोडी: ॲनिसाल्डिहाइड आणि बेन्झिल आयसोसायनाइड. चालली, एनएच गेला, सगळं पुस्तकाप्रमाणे. दुसरी जोडी: ४-नायट्रोबेन्झाल्डिहाइड आणि टर्ट-ब्युटिल. बेस टाकताक्षणी फ्लास्क गडद वाइनसारखा लाल झाला, घाबरून ज्युनिअरला हाक मारली. वीस मिनिटांत रंग उतरला. टीएलसी स्वच्छ. मास: आधी ४१८ आणि ४२० ची तीनास एक जोडी होती, क्लोरिनची सही. आता ३८२, जोडी नाही. एचसीएल गेलं, रिंग झाली. दोन्ही डायकिटोपिपेराझिन म्हणून वहीत लिहून टाकलं.

२ ऑगस्ट, शुक्रवार

वहीतलं खोडलं.

एनएमआर आज आले (मशीनचं बुकिंग म्हणजे कोकणकन्येचं तिकीट). पहिला बरोबर. दुसऱ्यात एनएच तसाच आहे! डी-टू-ओ (जड पाणी, त्यात एनएचचा सिग्नल पुसला जातो) टाकून हलवलं, गेला, म्हणजे एनएचच. मग रिंग झाली कुठून? ॲल्डिहाइडमधून आलेल्या कार्बनवरचा एकटा प्रोटॉन, जो सिंगलेट म्हणून ठसठशीत दिसतो, तो शोधला. नाहीच. डेप्टमध्ये (कार्बनवर किती हायड्रोजन ते दाखवणारा एनएमआर) तो कार्बन क्वाटर्नरी, म्हणजे हायड्रोजनच नाही. आणि सीएच-टूचे दोन डबलेट साडेतीनच्या आसपास, जे-व्हॅल्यू १४-१५.

म्हणजे नायट्रोजनने नाही, कार्बनने उडी मारली. त्या प्रोटॉनच्या एका बाजूला अमाइड, दुसऱ्या बाजूला नायट्रोफेनिल, तो आधीच हातात बॅग घेऊन दारात उभा. बेसने तोच आधी उचलला, तो लाल रंग म्हणजे तोच ॲनायन असणार, आणि त्याने क्लोरिनच्या कार्बनला धरलं. चार कड्यांची रिंग. बीटा-लॅक्टम! आयआर (बाँड ओळखायचा इन्फ्रारेड आलेख) लगेच काढला, १७५० च्या आसपास ताठ पीक. अमाइड एवढ्या वर जात नाही, ताणलेल्या चौकोनी रिंगचंच काम ते.

ज्युनिअर: "ताई, म्हणजे आपण पेनिसिलिन केलं?" नाही रे बाबा. रिंग त्या घराण्यातली, एवढंच. मूग आणि मुगाचा लाडू यात जेवढा फरक तेवढा.

पण मज्जा बघा, परत मास दोन्ही बाजूंनी तोच आला असता. पुलवाल्यात पण तेच झालं होतं. मी जर फक्त मास आणि टीएलसीवर लायब्ररी पाठवली असती, जी घाईत सगळे पाठवतात, तर या व्हायलवर चुकीचं नाव गेलं असतं आणि कुणाला कधी कळलं नसतं.

१२ ऑगस्ट, सोमवार

मॅडमचा प्रश्न रास्त होता: "दोन गोष्टी एकदम बदलल्यास, ॲल्डिहाइड पण आणि आयसोसायनाइड पण. कशामुळे झालं कसं सांगणार?" नायट्रोमुळे प्रोटॉन ढिला झाला, की टर्ट-ब्युटिल एवढा जाड आहे की शेजारच्या नायट्रोजनला वळताच येईना?

म्हणून चारही जोड्या लावल्या, बेस तोच, वेळ तोच, चारही शेजारी शेजारी.

नायट्रो आणि टर्ट-ब्युटिल: बीटा-लॅक्टम, स्वच्छ, परत तसाच.
ॲनिसिल आणि बेन्झिल: डायकिटोपिपेराझिन, स्वच्छ.
नायट्रो आणि बेन्झिल: दोन्हीचं मिश्रण, चौकोनवाला जास्त.
ॲनिसिल आणि टर्ट-ब्युटिल: जवळजवळ काहीच नाही, संध्याकाळीसुद्धा सुरुवातीचंच मटेरियल बसलंय, ना हा रस्ता घेत ना तो.

मला हा शेवटचा सगळ्यात आवडला, जरी हाती काही लागलं नाही. दोन्ही कारणं खरी आहेत हे त्यानेच सांगितलं: जाड ग्रुपने एक दार बंद केलं, आणि नायट्रो नसल्यामुळे दुसरं उघडलंच नाही. आता मी दोन्ही दारं ओळखते. सायनो, पिरिडिल असे ओढणारे ॲल्डिहाइड टर्ट-ब्युटिलसोबत लावले की चौकोन, मेथॉक्सी आणि साधे ॲल्किलवाले बेन्झिलसोबत लावले की षटकोन. एकच कृती, एकच बेस, आणि कणीक ठरवते. २१ जूनला जो दुसरा प्रकार वाचला होता तो हाच, फक्त मी तो ठरवून केला नाही, माझ्या हातून झाला.

यादीत टाकले: चौकोनवाले ७, षटकोनवाले ८.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

बेन्झोडायझेपिनची फांदी जेमतेम. बॉक (अमाइनवरचं तात्पुरतं झाकण) लावलेलं अँथ्रानिलिक ॲसिड आणि इथाइल ग्लायऑक्झिलेट घेऊन उगी, मग टीएफए या ॲसिडने बॉक काढायचा, मोकळा अमाइन एस्टरला धरतो, सात कड्यांची रिंग. पण ग्लायऑक्झिलेट टोल्यूइनमध्ये मिळतं आणि बाटलीतच एकमेकांना चिकटून साखळी करून बसतं, आधी गरम करून सोडवावं लागतं हे मला दोन फुकट गेलेल्या रिॲक्शननंतर कळलं. ४ मिळाले. पाचव्याचा कॉलम पावसाने खाल्ला, सिलिकाने एवढं पाणी धरलं होतं की सगळं एकदम खाली आलं, इथाइल ॲसिटेट वाढवायचीही गरज पडली नाही. असो.

मध्ये वाचलं की अशाच सांगाडे-बदलू लायब्ररीतून, सुमारे १,००,००० रेणूंच्या, मलेरियाविरुद्ध नायट्रोजनची चौकोनी रिंग असलेले रेणू सापडले आणि ते परजीवीच्या अशा एन्झाइमला धरतात जिथे आधी कुणी फारसं लक्ष दिलं नव्हतं. २०१६ चा पेपर. लोकलमध्ये शेजारी बसलेल्या मुलीला डेंग्यू की मलेरिया यावर तिची आई फोनवर सल्ला देत होती आणि मी हे वाचत होते. तिला दाखवावंसं वाटलं, दाखवलं नाही.

४ सप्टेंबर, बुधवार

आज प्लेट भरायची यादी पक्की. मॅडमनी सगळं माझ्यावर सोडलं, तोच त्रास. पुलवाले शेवटी १२ झाले, चौकोन ७, षटकोन ८, सप्तकोन ४. एकूण ३१. जागा ४८. राहिल्या १७, आणि माझ्याकडे बिजिनेलीचे २४ तयार बसलेत, सगळ्यात शुद्ध, सगळ्यात जास्त वजनाचे, कॉलम न टाकता मिळालेले.

सगळ्या जोड्यांचं टॅनिमोटो साम्य, म्हणजे दोन रेणू किती सारखे तो आकडा, काढून बघितलं, आणि मग एकेक उचलत गेले: पहिला कुठलाही घ्या, दुसरा त्याच्याहून सगळ्यात लांबचा, तिसरा दोघांहून लांबचा. ३१ आधी आत टाकून बिजिनेलीवाल्यांना रांगेत उभं केलं. ९ नंतर नवीन काही येईना, फक्त क्लोरोच्या जागी ब्रोमो. थांबले. ४० वर.

मॅडमना विचारलं, आठ जागा रिकाम्या पाठवल्या तर चालेल का, प्रोजेक्टमध्ये ४८ लिहिलंय. त्या थोडा वेळ गप्प होत्या, रिपोर्टचा फॉर्म त्यांनाच भरायचाय. मग म्हणाल्या, "त्या आठमध्ये त्या नायट्रो-बेन्झिलच्या मिश्रणातले दोन्ही वेगळे करून टाक. आणि पुलवाल्याचा छोटा डायास्टिरिओमर. जमेल?" जमेल. तीन झाले. बाकी पाचात मोनास्ट्रॉल कंट्रोल म्हणून दोनदा, आणि तीन जागी नुसतं डीएमएसओ, ज्यात हे सगळे विरघळवतो ते सॉल्व्हंट. हिशोब बरोबर ४८. मॅडम हुशार आहेत.

आयसोसायनाइडची बाटली परत पॅराफिल्म लावून, डब्यात डबा, डब्यात कोळसा घालून ठेवली. उरलेले १५ बिजिनेलीवाले टाकले नाहीत, ज्युनिअरला दिले, त्याला मेल्टिंग पॉइंट घ्यायची प्रॅक्टिस होईल.

स्टॉक बनवताना एक गडबड: १० मिलिमोलरचे डीएमएसओ स्टॉक फ्रिजमध्ये ठेवले तर सगळे गोठले, डीएमएसओ साडेअठरालाच गोठतो हे विसरले. बाहेर काढून ठेवले तर झाकणाशी ओल. आता वितळून, हलवून, सीलिंग फिल्म लावून उद्या सकाळी द्यायचेत. शनिवारी गणपती, त्यामुळे शुक्रवारनंतर तिकडे कुणी घेणार नाही. बी-७ आणि बी-८ ची लेबलं परत तपासायची, तीच ती चौकोन-षटकोनवाली जोडी, आणि दोन्हींवर ज्युनिअरने फक्त मास लिहिलाय.